सगळ्यांत वर दिसणारा दलाल

त्याच्याबद्दल मी एकेरीतच लिहिणार आहे. त्याच्याकडे नोकरीला होते तोवर साहेब म्हटलं, अहो-जाहो केलं, तो आत आला की खुर्चीतून उठलेसुद्धा. आदर जेवढा होता तेवढा तेव्हाच खर्चून झाला.

आसनगाव स्टेशनातून शहापूरकडे निघालं की हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस होतं. काचेचा दरवाजा, आत इतकं गार की मी उन्हाळ्यातही स्वेटर न्यायची. पाटीवर ‘दलाल’ हा शब्द नव्हता. ‘लँड ॲडव्हायजर’ होतं. मी ठाण्याची नोकरी सोडून इथे आले ती आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे, घराजवळ काहीतरी हवं होतं म्हणून. काम सोपं सांगितलं होतं : फोन घ्यायचे.

जमिनीचा दलाल म्हणून तो एकेकाळी चांगला होता, हे कबूल करायला हवं. त्याचे वडील म्हसा गावच्या जत्रेत बैलांचे सौदे जमवायचे, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवत. हा मुरबाडच्या तहसीलबाहेर चहाच्या टपरीवर बसायचा. कोणता भाऊ कोणत्या भावाशी बोलत नाही, कोणत्या सातबाऱ्यावर कोणत्या आत्याचं नाव राहून गेलंय, सगळं त्याला तोंडपाठ. एक चहा पाजून त्याने सौदे केलेत. लोक त्याला शोधत यायचे.

मग तो ठाण्याच्या एका हॉटेलात दिवसभराच्या कुठल्याशा शिबिराला गेला. जेवण फुकट होतं. तिथे कोणीतरी टाय लावलेल्या माणसाने सांगितलं, ‘दिसाल तर विकाल.’ हा परत आला तो हेच बडबडत. तेव्हापासून टपरी बंद, चहा बंद. फोनवर कोणी मुरबाडची जमीन शोधली की सगळ्यांत वर आपलं नाव दिसलं पाहिजे, एवढं एकच त्याच्या डोक्यात राहिलं. ते दिसण्यासाठी सर्चवाल्या कंपनीला पैसे द्यायचे. नुसतं दिसण्याचे नाही. दिसल्यावर कोणी नावावर बोट दाबलं की प्रत्येक दाबण्याचे. एकदा दाबलं की दोन माणसांचं पोटभर जेवण गेलं, असा तो भाव होता. समोरच्याने काही विकत घ्यावं अशी अट नव्हती. त्याने दाबून लगेच फोन खिशात टाकला तरी जेवण गेलंच.

रोज सकाळी ऑफिसात आल्यावर तो देवाला उदबत्ती लावायचा, आणि लगेच फोनवर ‘मुरबाड प्लॉट’ असं शोधायचा. वर आपलं नाव दिसलं की चेहरा खुलायचा. आणि मग तो ते दाबायचा.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं चुकून झालं.

“साहेब, तुम्ही दाबलंत तरी पैसे जातात ना?”

“मग? आपलं दुकान उघडं आहे का बघायला नको?”

“नाव दिसतंय म्हणजे उघडंच आहे.”

“तुला धंद्यातलं कळत नाही. मालकाने सकाळी शटर हाताने वर करायचं असतं.”

हे तो दिवसातून कितीदा करायचा, ते मी मोजलं नाही. लग्नात गेला तर शेजारच्याचा फोन मागून घ्यायचा, त्यात शोधून दाखवायचा, “बघा, सगळ्यांत वर कोण?” आणि दाबायचा. शहापूरच्या एका हळदीत त्याने नवरदेवाच्या फोनवरून दाबलं होतं. नवरदेवाच्या हाताला हळद होती, म्हणून याने स्वतःच दाबून दिलं. कोणाच्या दहाव्याला गेला तरी नदीवर, कावळा शिवायची वाट बघत लोक उभे असताना, हा चुलत्या-पुतण्यांना फोन दाखवत फिरायचा. लोक कौतुक करायचे. कौतुकाला काय जातं? जात होतं ते याचंच.

ऑफिसात फोन मात्र खूप यायचे. त्यात कसूर नव्हती. जाहिरात अशी लावली होती की कोणी नुसतं ‘मुरबाड’ किंवा ‘माळशेज’ असं लिहिलं तरी वर आम्हीच. त्यामुळे फोन असे यायचे :

“हॅलो, माळशेज घाट चालू आहे का? दरड पडलीय म्हणे.”

“हे प्लॉटचं ऑफिस आहे हो.”

“मग घाटाच्या वर तुम्ही कसे दिसताय?”

कोणी कल्याणच्या एसटीची वेळ विचारायचं, कोणी धबधब्यावर जेवण मिळेल का विचारायचं. आटगावचे एक आजोबा सातबारा काढायचा म्हणून नातवाच्या फोनवरून शोधत शोधत आमच्यापर्यंत पोचले, आणि दुसऱ्या दिवशी धोतराचा सोगा धरून जिना चढत प्रत्यक्ष आले. “इथंच मिलतो ना सातबारा?” त्यांना मी पाणी दिलं आणि शहापूरच्या तलाठी ऑफिसचा रस्ता सांगितला.

साहेबाला हे सांगितलं की तो डोळे बारीक करून हिशेब मांडायचा. “घाटाची चौकशी करतोय म्हणजे गाडी आहे. गाडी आहे म्हणजे पैसा आहे. नंबर ठेव.” एसटीवाल्याबद्दल विचारलं तर म्हणायचा, “एसटी विचारतोय म्हणजे गाडी घेतली नाही. म्हणजे बचत करणारा माणूस. बचत करणारा कधी ना कधी जमीन घेतोच. नंबर ठेव.” आणि सातबारावाले आजोबा? “जमीन असणाऱ्यालाच अजून जमीन घ्यावीशी वाटते.” जगात असा माणूसच नव्हता जो त्याच्या मते गिऱ्हाईक नव्हता. फक्त प्लॉट कोणी घेत नव्हतं.

शहापूरच्या नाक्यावर आणखी एक दलाल होता. त्याचंही तेच शिबिर झालेलं. वर दिसायची जागा एकच, आणि ती जास्त बोली लावणाऱ्याला मिळायची. याने बोली वाढवली की तो वाढवायचा. बैलबाजारात बोली लावणाऱ्याला निदान बैल दिसतो, समोरच्याच्या तोंडावरून कधी थांबायचं ते कळतं. इथे दोघंही आपापल्या एसी खोलीत बसून अंधारात बोली लावत होते. बैल कंपनी घेऊन जात होती.

एक दिवस याला युक्ती सुचली. शत्रूच्या नावावर आपणच दाबायचं, म्हणजे त्याने त्या दिवसापुरते भरलेले पैसे दुपारपर्यंत संपतील आणि तो खाली जाईल. नाक्यावरच्या रिक्षावाल्यांना त्याने चहा-भजी सांगितली आणि कामाला बसवलं. रिक्षावाले मन लावून दाबत होते. दोन दिवसांनी त्यांच्यातल्या एकाने भजी खात खात सहज सांगितलं, “सायेब, तिकडचा सायेब पन भजी देतो. तुमचा दाबायला.”

मला वाटलं, आता तरी हा कपाळाला हात लावेल. तो म्हणाला, “त्याच्या भज्यांत कांदा आहे का?” आणि दुसऱ्या दिवसापासून याने कांदाभजी सुरू केली.

आता तळ्याची गोष्ट सांगते. माझ्या मनातून तो कायमचा उतरला तो त्या दिवशी.

वैशाखरे गावाच्या पुढे माळशेजच्या रस्त्यापासून थोडं आत त्याने एक माळ विकायला घेतला होता. दगड, करवंदीच्या जाळ्या आणि मधोमध एक मोठा खड्डा. रस्त्याच्या कामाला तिथून मुरूम काढला होता. पावसाळ्यात खड्डा भरायचा. श्रावणात त्याचा फोटो काढला, मागे ढगांतला डोंगर, आणि जाहिरातीत आलं : ‘तळ्याकाठी तुमचं घर.’ होळीच्या आत त्या तळ्याच्या तळाशी शेरडं चरायची.

भर उन्हाळ्यात मुलुंडहून एका जोडप्याचा फोन आला. दोघं नुकतेच निवृत्त झालेले. त्यांना ना घाट विचारायचा होता, ना एसटी. खरोखर प्लॉट बघायचा होता. कित्येक महिन्यांत असं माणूस फोनवर आलं नव्हतं. साहेब ऑफिसात येरझाऱ्या घालू लागला.

“रविवारी येतायत. तळं लागेल.”

मला वाटलं, पावसाळ्यानंतर या असं कळवायला सांगतोय. तो टँकरवाल्याला फोन लावत होता.

रविवारी सकाळी मी त्याच्याबरोबर गेले तेव्हा खड्ड्यात निळी ताडपत्री अंथरलेली होती. मुरूम पाणी पिऊन टाकतो म्हणून. शिवाय पाणी निळं दिसतं. टँकर येत होते, रिकामे होत होते, परत जात होते. आमच्या तालुक्यांत उन्हाळ्यात टँकरचं पाणी म्हणजे काय, हे इथल्या कोणालाही सांगायला नको. धरणं आमच्याकडे, पाणी मुंबईकडे, आणि धरणाच्या वरच्या पाड्यांवरच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याच्या तोंडाशी वाटीवाटीने पाणी भरत बसलेल्या. त्या माळाच्या वरच्या अंगाला असाच एक पाडा होता. सरकारी टँकर त्यांच्याकडे यायचा तेव्हा यायचा.

वरून त्यांना टँकर दिसले. एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. आणि सगळे खाली उतरत होते.

मुलुंडची गाडी आली तेव्हा तळं भरलं होतं आणि पाड्यावरून बायकांची रांग खाली उतरत होती. हंडे, कळशा, तेलाचे डबे, पोरांच्या हातात बाटल्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. आल्या, तळ्याच्या कडेला बसल्या आणि भरू लागल्या.

साहेबाने गाडीचं दार उघडत म्हटलं, “बघा मॅडम, किती जिवंत परिसर आहे. हे तुम्हाला शहरात नाही मिळायचं.” मग बायकांकडे वळून दबक्या आवाजात, “ए, बाजूला व्हा. पाहुणे आलेत. नंतर या.”

एक म्हातारी हंडा बुडवता बुडवता म्हणाली, “नंतर राहील का?”

मुलुंडचे काका डोंगराचे फोटो काढत होते. काकू मात्र सरळ त्या म्हातारीजवळ गेल्या.

“पाणी चांगलं आहे का हो प्यायला?”

“आज हाय. टँकरचा हाय.”

“टँकरचं? हे तळं आहे ना?”

म्हातारी हसली. तिला यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. “तला कुटला गो बाय? खड्डा हाय तो. सकालपासून ह्या सायबानं भरून घेतला. तुमी येनार म्हून.” हंडा काखेत घेऊन ती उठली आणि अगदी मनापासून म्हणाली, “तुमी रोज येत जा. तुमी येल तं आमाला पानी मिलंल.”

तोवर पाणी उतरलं होतं आणि ताडपत्रीची कड वर दिसू लागली होती, तिच्यावरच्या सुरकुत्यांसकट.

काकूंनी ती कड चपलेच्या टोकाने उचलून बघितली. मग त्यांनी साहेबाला विचारलं, शांतपणे, शिक्षिका विचारतात तसं, “आम्ही इथे घर बांधलं तर आम्हाला पाणी कुठून देणार तुम्ही?”

कोणाही माणसाला इथे गप्प बसायचं कळलं असतं. हा म्हणाला, “टँकर, मॅडम! चोवीस तास. इथल्या कोणाला मिळत नाही, पण आपल्या सोसायटीला फुल गॅरंटी.”

काकूंनी गाडीतून आपल्या पाण्याच्या बाटल्या काढल्या, एका पोराच्या हातात दिल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “चला.” गाडी वळून गेली. बायका तळं भरून नेत राहिल्या. ताडपत्रीवर थोडा चिखल उरला तेव्हा ती म्हातारी परत आली आणि त्याच्या जीपच्या दिशेने हात जोडून म्हणाली, “देव तुमचा भला करो.” त्याच्या आयुष्यात त्याने केलेलं सर्वांत उपयोगी काम ते होतं, आणि ते बघायला तो तिथे नव्हता. तो जीपमध्ये बसून जाहिरात लावून देणाऱ्या माणसाला फोनवर झापत होता. “चुकीची माणसं पाठवलीत तुम्ही! जरा वरच्या क्लासची पाठवा. बोली वाढवा.”

बोली वाढवायला पैसे लागतात. त्याच्याकडे आता ते नव्हते. जुन्या सौद्यांतली कमाई कंपनीकडे पोचली होती, थोडी भज्यांत गेली होती. मग त्याची नजर वैशाखऱ्याच्या शेताकडे वळली.

रस्त्याला लागून असलेलं ते भाताचं खाचर त्याच्या बायकोच्या नावावर होतं. तिच्या वडिलांनी तिला दिलेलं. त्यांना मी वहिनी म्हणायचे, आणि त्यांच्याबद्दल मी आदरानेच लिहिणार. दरवर्षी त्या स्वतः उभ्या राहून लावणी करवून घ्यायच्या, आणि नव्या तांदळाची एक पिशवी मलाही यायची. गिऱ्हाईक शोधायला जाहिरात लागली नाही. नाक्यावरचा तो दुसरा दलाल एका शब्दावर तयार झाला. म्हणजे शत्रूला जमीन विकायची आणि त्याच पैशाने बोली लावून शत्रूला खाली पाडायचं. मी त्याला हे असंच बोलून दाखवलं. तो खूश झाला. “बरोबर पकडलंस,” म्हणाला.

खरेदीखताच्या आदल्या दिवशी वहिनी पहिल्यांदाच ऑफिसात आल्या. तो बाहेर गेला होता. खुर्चीच्या कडेवर बसल्या, एसीकडे बघून पदर अंगाभोवती ओढून घेतला.

“मला एक सांग गो. ह्यांचा धंदा नक्की काय हाय?”

मी सांगितलं. लोक फोनवर शोधतात, वर नाव दिसतं, दाबलं की पैसे जातात.

“कोनाचं?”

“साहेबांचे.”

“बगनारा बगतो, आनि पैसं आपन द्यायचं?”

“हो.”

“त्यानं घेतला नाय तरी?”

“तरी.”

त्यांनी एकदा टेबलावरच्या फोनकडे बघितलं. मग म्हणाल्या, “पोरगी बगायला येतात त्यांना आमीपन पोहे देतो. पन पोरगी खपवायला घर नाय विकत.” आणि उठल्या. जिना उतरताना त्यांनी वळून विचारलं, “उद्या तू पन हायेस ना मुरबाडला?” मी होते. मला साक्षीदार म्हणून नेणार होता.

मुरबाडच्या रजिस्ट्रार ऑफिसात नेहमीसारखी गर्दी होती. साहेब आणि तो दुसरा दलाल बाकावर शेजारी शेजारी बसून एकमेकांना आपापले फोन दाखवत होते. कोण वर आहे यावर हसत होते. मला त्या दोघांचा इतका राग आला की मी जाऊन खिडकीशी उभी राहिले. वहिनी दोघांपासून लांब, भिंतीला टेकून होत्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

आमचा नंबर आला. फोटो काढायला वहिनींना कॅमेऱ्यापुढे बसवलं. टेबलामागच्या साहेबांनी कागदावरून मान वर न करता, दिवसभर प्रत्येकाला विचारतात तेच विचारलं, “दस्त वाचून दाखवला ना? राजीखुशीने देताय ना?”

“नाय,” वहिनी म्हणाल्या.

टेबलामागच्या साहेबांनी मान वर केली. “काय म्हणालात?”

“नाय. माज्या बापानं दिलेला हाय. मी नाय देत.”

माझा साहेब हसत पुढे आला. “अहो, तिला प्रश्न कळला नाही.”

“मला कळला,” वहिनी म्हणाल्या. “तुमाला नाय कळला.”

टेबलामागच्या साहेबांनी कागद बाजूला सरकवले आणि पुढचा नंबर पुकारला. एवढंच झालं. दुसरा दलाल तणतणत निघून गेला. हा बाहेर पायरीवर येऊन बायकोला म्हणाला, “चार माणसांत माझी लाज घालवलीस.” त्या म्हणाल्या, “तीच एक उरली होती, ती तुमच्याकडंच ठेवा. जमीन माज्याकडं ठेवते.” आणि वैशाखऱ्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये चढून बसल्या. त्याला येता का असंही विचारलं नाही. मी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. ऑफिसही फार दिवस टिकलं नाही. एसी म्हणे भाड्यापोटी खालच्या हार्डवेअरवाल्याने ठेवून घेतला.

दिवाळीनंतर माळशेजकडे जाताना मी वैशाखऱ्याला मुद्दाम उतरले. भातकापणी चालू होती. वहिनी आणि आणखी दोन बायका खाचरात वाकलेल्या. हा बांधावर उभा. पांढरा शर्ट, डोळ्यांवर गॉगल. रस्त्यावरून चाललेल्या कोणा ओळखीच्या माणसाने मोटारसायकल थांबवून विचारलं होतं, “काय हो, हा तुकडा तुम्ही विकणार होतात ना?”

मला बघून त्याने आवाज आणखी चढवला. “कोण म्हणतं? मार्केट वर जाणार आहे. मी जाणूनबुजून होल्ड केलाय. होल्ड!”

मोटारसायकलवाल्याने मान डोलावली. वहिनींनी पेंढ्या आवळून मोठा भारा बांधला होता. तो त्यांनी आणि एका बाईने मिळून उचलला, बांधाशी आणला.

“होल्ड म्हंजी काय गो?” त्यांनी मला विचारलं.

“धरून ठेवणं, वहिनी.”

“असं होय.” त्या त्याच्याकडे वळल्या. “मंग ह्यो पन धरा.”

आणि त्यांनी तो भारा त्याच्या डोक्यावर ठेवला. गॉगल नाकावरून घसरला, पण सावरायला त्याचे हात मोकळे नव्हते. खळ्याकडे तो चालू लागला तेव्हा भाऱ्याखाली त्याचं तोंड दिसतही नव्हतं.